ओसेनबाईंची तब्येत

त्सुरुओका,
१२ नोव्हेंबर

प्रिय फुमिएताई,

नमस्कार. तू, भावोजी, मुलं, सगळे बरे असाल. धुरावलेल्या मुळ्यांचं खोकं काल मिळालं. एक मुळा तिथेच उभ्या उभ्या कापून खाल्ला, भात लावायचीही वाट पाहिली नाही. तुमच्याकडे डोंगरात बर्फ सुरू झालं असेल. इथे अजून नुसता समुद्रावरचा वारा आहे, आणि त्याने स्वयंपाकघराची काच सारखी खडखडते. फटीत कागदाची घडी खुपसली, ती पडली, परत खुपसली. एवढ्या चार ओळी लिहायला मी तीनदा उठले आहे.

खोक्यातल्या चिठ्ठीत तू विचारलंयस, "अजून लोकांची शी चिवडतेस का?" हो ताई, चिवडते. फोनवर सांगायला लागले की तू "ईऽऽ, जेवायची वेळ आहे" म्हणून विषय बदलतेस. कागदावर तुला तसं करता येणार नाही, म्हणून आज सगळं सांगते. ऐक.

आपण तेलकट खाल्लं की यकृत पित्त सोडतं. त्यातलं जे आतड्यात उरतं त्यावर तिथले जिवाणू ताव मारतात आणि त्याचं एक वाईट द्रव्य करून ठेवतात. भाज्या, कडधान्यं, तुझे मुळे खाल्ले की दुसरे जिवाणू एक चांगलं द्रव्य बनवतात, त्यावर आतड्याचं अस्तर पोसलं जातं. मोठ्या आतड्याचा कर्करोग होतो तेव्हा, किंवा त्याच्याही आधी, या दोन द्रव्यांचं गणित बिघडतं का, हे आम्ही बघतो. इस्पितळातून रुग्णांचे नमुने येतात, गावातून धडधाकट माणसांचे येतात. आम्ही ते वाळवतो, पूड करतो आणि यंत्रात घालतो.

यंत्र मात्र लहरी आहे. आज एक आकडा दाखवेल, उद्या दुसरा. म्हणून रोज सकाळी आधी एका ठरलेल्या निरोगी माणसाचा नमुना घालायचा आणि बाकी सगळ्यांना त्याच्याशी ताडून बघायचं. कोणी त्याच्या निमपट, कोणी दुप्पट. वाण्याच्या तराजूत वजन असतं तसं हे आमचं वजन. ती व्यक्ती दरवर्षी जानेवारीत ताजा नमुना देते, त्याची बरणीभर पूड वर्षभर पुरते. कोण देतं ते फक्त आमच्या ओनोदेरा सरांना आणि देणाऱ्याला ठाऊक. बाकीच्यांनी तिला एक जुन्या वळणाचं नाव दिलंय, ओसेन. "आज ओसेनबाईंचा मूड कसा आहे?" असं कोणीतरी विचारतं आणि यंत्र सांभाळणारा मिनेगिशी म्हणतो, "बाई मजेत. रेघ सरळ आहे." तो बरणीला वाकून नमस्कार केल्याशिवाय झाकण उघडत नाही. आणि हा माणूस रसायनशास्त्राचा डॉक्टर आहे बरं का!

तर सध्या आमच्याकडे एक विचित्र गोष्ट झाली आहे. गेल्या तीन वर्षांत कर्करोगाच्या रुग्णांमध्ये ते वाईट द्रव्य ओसेनबाईंच्या दुपटीहून जास्त निघत होतं. यंदाच्या रुग्णांमध्ये जेमतेम बरोबरीचं निघतंय. चांगलं द्रव्य उलट वाढलंय. म्हणजे कागदावर बघितलं तर यंदा आजारी माणसं ठणठणीत आहेत आणि ठणठणीत माणसं देवमाणसं झाली आहेत. मार्चमध्ये सगळं छापायला द्यायचंय. सर कोणाशी नीट बोलत नाहीत. मिनेगिशीने यंत्राचा पंप स्वतःच्या हातांनी खोलून पुन्हा जोडला, नळ्या बदलल्या, इस्पितळातल्या परिचारिकांना फोन करकरून भंडावून सोडलं. काल तर यंत्रासमोर गोड वडी ठेवून त्याने देवापुढे वाजवतात तशा दोनदा टाळ्या वाजवल्या.

"कानाए-सान, हसू नका," तो म्हणाला. "तुम्हाला दुसरं काही सुचत असेल तर सांगा."

मी म्हटलं, "नाही बाबा, मला काय सुचणार."

अशी सगळी धांदल आहे. म्हणून फोन नाही केला.

हो, एक विचारायचं होतं. कामासाठीच. आईला पहिल्यांदा काय व्हायला लागलं होतं? पोटात दुखायचं, की आधी नुसती थकायची? जिना चढताना मध्येच थांबायची, असं मला आठवतंय. ते पहिलं होतं की नंतरचं? तुला आठवत असेल तर लिही.

तब्येतीला जप. तळघरातून बरण्या एकटीने उचलू नकोस.

तुझी,
कानाए

---

त्सुरुओका,
४ डिसेंबर

ताई,

पत्र मिळालं. सोबतचे काळे सोयाबीनही मिळाले. ते रात्रभर भिजवायचे, मग मंद आचेवर ठेवायचे, साखर दोनदा घालायची, एकदम नाही. हे तू पानभर लिहिलंयस. आईबद्दल एक ओळ नाही.

मला ठाऊकच होतं. तीस वर्षं हेच चाललंय. आईबद्दल विचारलं की तू मला काहीतरी खायला देतेस. बाबांच्या वर्षश्राद्धालासुद्धा मी देवळाच्या पायऱ्यांवर विचारलं होतं, तर तू म्हणालीस, "थांब, भटजींसाठी डबा आणते." आणि गेलीस ती गेलीसच.

तू बावीसची होतीस, मी पंधराची. आईला अल्सर आहे असं आईला सांगितलं, मलाही तेच सांगितलं. त्या काळी सगळीकडे तसंच करायचे हे मला माहीत आहे. डॉक्टर घरच्यांना बाजूला घ्यायचे, रोग्याला काही कळू द्यायचे नाहीत. पण "घरच्यां"मध्ये मी नव्हते का गं? मला कधी कळलं? अंत्ययात्रेच्या दिवशी, आपल्या दारात, शेजारची बाई दुसरीला सांगत होती तेव्हा. "आतड्याचा कॅन्सर होता म्हणे, थोरलीला सगळं माहीत होतं." मी हातात बुटांची जोडी घेऊन उभी होते. त्या दिवसापासून मी तुझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारते.

हे लिहायचं नव्हतं. खोडत नाही आता.

यंत्राचं कोडं सुटलं ते सांगते. खरं तर नवी बरणी उघडताना जुनी आणि नवी शेजारी शेजारी मोजायची असते. यंदा यंत्र बिघडून दुरुस्त झालं, त्या चाचण्यांमध्ये मिनेगिशीने जुन्या पुडीचा तळ गाठला, त्यामुळे ताडून बघायचं राहून गेलं. तेव्हा कोणाला त्याचं काही वाटलं नाही. ओसेनबाई कधी चुकत नाहीत, यावर आमच्याकडे सगळ्यांची श्रद्धा. मागच्या आठवड्यात मात्र शेजारच्या इमारतीतल्या फ्रीझरच्या तळाशी जुन्या पुडीच्या काही कुप्या सापडल्या. मिनेगिशीने त्या लगेच यंत्रात घातल्या. आम्ही सगळे त्याच्या मागे उभे होतो.

रुग्ण होते तसेच होते. मशीनही ठीक होतं. बदलल्या होत्या त्या ओसेनबाई. वाईट द्रव्य दुपटीच्या वर गेलेलं, चांगलं निम्म्याहून खाली आलेलं. आमचं वजनच जड झालं होतं, म्हणून त्याच्यापुढे सगळे हलके दिसत होते.

पहिल्यांदा सगळे हसले. सुटल्याचं हसू. एक जण म्हणाला, "बाईंनी वर्षभर तळलेलं डुकराचं मांस हाणलेलं दिसतंय!" मग मिनेगिशी पडद्याकडे बघता बघता हळूच म्हणाला, "पण ही रेघ... ही तर आपल्या रुग्णांसारखी आहे. बाईंची तब्येत बरी आहे ना?"

मग तोच सरांकडे वळला. "सर, त्यांना कळवायला हवं."

सर म्हणाले, "नमुना देणाऱ्याला आकडे कळवायचे नाहीत, हा नियम आहे. ही तपासणी नव्हे, संशोधन आहे. ही द्रव्यं शंभर कारणांनी वरखाली होतात."

"सर, माझी आई असती तर?"

"मिनेगिशी, पुरे."

आणि ताई, सर माझ्याकडे बघत नव्हते. सगळ्यांकडे बघून झालं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून झालं, माझ्याकडे नाही.

ओसेनबाई म्हणजे मी.

लिहिलं एकदाचं. प्रयोगशाळा सुरू झाली तेव्हा सरांना कोणीतरी निरोगी, इथेच राहणारं, दारू न पिणारं माणूस हवं होतं. मी हात वर केला. मजा वाटली होती. स्वतःच्याच नावाचे विनोद तोंड दाबून ऐकायचे.

आणखी एक आहे, ते याहून वाईट. त्या कुप्या तिथे मीच ठेवल्या होत्या, दोन वर्षांपूर्वी, जादाच्या म्हणून. मला पक्कं आठवत होतं. ऑक्टोबरमध्ये वर्षाचे आकडे एकत्र मांडले आणि ते खाली दिसले तेव्हा सगळ्यात आधी माझ्या मनात आलं, वजन बदललं असेल तर? आणि त्या विचारावर मी झाकण ठेवलं. मिनेगिशी पंप खोलत होता, बोटं कापून घेत होता, मी त्याला पट्ट्या आणून देत होते. कुप्यांचं बोलले नाही. शेवटी त्यानेच शोधल्या.

नगरपालिकेकडून दरवर्षी घरी पाकीट येतं, चाळिशीनंतर सगळ्यांना. दोन दिवसांचा नमुना द्यायचा, त्यात रक्त आहे का ते बघतात, फुकट. तुलाही येत असेल. मी ती पाकिटं ड्रॉवरमध्ये ठेवते. कामावर इतकं तेच करते, घरी पुन्हा कशाला, असं म्हणायचे. आता वाटतं, ते काही खरं कारण नव्हतं. मला आईचं कळायला नको होतं. माझ्यातलं आईचं.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला खोलीत बोलावलं. दार लावलं. बराच वेळ चहाची पानं किटलीत ढवळत बसले.

"नियमाप्रमाणे मी देणाऱ्याला काही सांगू शकत नाही," म्हणाले. "त्यामुळे मी सांगत नाहीये. मी फक्त माझ्या सहकारी बाईंना विचारतोय, गुरुवारी सुट्टी घ्याल का? इस्पितळात माझ्या ओळखीच्या डॉक्टर आहेत. कुजी बाई. दुर्बिणीची तपासणी चांगली करतात."

मी म्हटलं, "सर, याने काही सिद्ध होत नाही. तुम्हीच म्हणालात, शंभर कारणं."

"हो. बाकीच्या नव्व्याण्णवांपैकी एखादं कारण निघालं, तर शुक्रवारी या आणि माझ्यावर ओरडा."

मी अजून हो म्हटलेलं नाही. खोलीतून बाहेर आले, जिना चढले, मधल्या वळणावर थांबले. दम लागला होता. तो उन्हाळ्यापासून लागतोय.

मला काही पाठवू नकोस. सोयाबीन, मुळे, काही नको. मी विचारलं होतं त्याचं उत्तर पाठव.

कानाए

---

त्सुरुओका,
२२ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र मंगळवारी आलं. जाडजूड पाकीट बघून वाटलं, पुन्हा पाककृती. नंतर खुर्चीत बसले ती उठलेच नाही. गेल्या महिन्याभरात एवढा वेळ एका जागी मी पहिल्यांदाच बसले असेन.

"मी तुला सांगितलं नाही, कारण तुझ्या तोंडावर सगळं दिसायचं. आईने तुझा चेहरा बघून ओळखलं असतं." एवढं वाचून मला राग आला. उठून आरशात बघावंसं वाटलं. मग पुढचं वाचलं.

मला हे माहीत नव्हतं, ताई. कसं असणार? बाबा बाहेर गेले होते, तू आईचे पाय पुसत होतीस, आणि ती तुला म्हणाली, "फुमिए, कानाएची प्रवेश परीक्षा होईपर्यंत तिला कळू देऊ नकोस हं." तिने आजाराचं नाव घेतलं नाही. तूही घेतलं नाहीस. तू "बरं" म्हणालीस आणि पाय पुसत राहिलीस. म्हणजे आई सगळं जाणून होती, आणि तू जाणतेस हेही जाणून होती. डॉक्टर तिच्यापासून लपवत होते, ती माझ्यापासून. आणि तू एकटी दोघांच्या मध्ये ते सगळं धरून उभी होतीस, बावीस वर्षांची. परीक्षेच्या आधीच आई गेली, आणि त्यानंतर कधी सांगायचं ते तुला कोणी सांगून ठेवलं नव्हतं.

आणि मी काय केलं? दाराशी एका बाईचं बोलणं ऐकलं आणि तीस वर्षं त्याच एका वाक्यावर तुला तोलत बसले. तू काही बोलायची नाहीस, कारण आईला शब्द दिला होतास. मला वाटायचं, तुला मी महत्त्वाची वाटत नाही. चुकले गं. फार चुकले. तुझा पत्ता पाकिटावर लिहिताना दर वेळी माझे दात करकरायचे, ते आठवून लाज वाटते.

पहिल्या प्रश्नाचंही उत्तर दिलंस. आधी थकवा. दुखणं पुष्कळ नंतर.

आता माझं ऐक, आणि हे वाचताना उभी असशील तर खाली बस.

मी गेले. गुरुवारी नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी. त्या गुरुवारी इस्पितळाच्या फाटकापर्यंत गेले होते आणि बसमध्ये बसून परत आले. सरांना खोटं सांगितलं की वेळ मिळाली नाही. त्यांनी मान हलवली आणि दुसरी वेळ स्वतः घेऊन दिली. तपासणीच्या आधी लिटरच्या लिटर औषधाचं पाणी प्यायला लावतात, तो प्रकार तुला वेगळा सांगेन, तुझ्या "ईऽऽ" साठी राखून ठेवलाय.

गुंगीचं इंजेक्शन मी घेतलं नाही. म्हटलं, बघायचंय. कुजी बाई वयाने माझ्याहून लहान आहेत, चटपटीत, सारख्या बोलत असतात. "हे बघा, किती स्वच्छ. हे वळण बघा, जरा ताण येईल, श्वास सोडा. छान. अगदी छान." तशा बोलत गेल्या आणि एका वळणावर गप्प झाल्या.

मी पडद्यावर बघत होते. ताई, अशी चित्रं मी शेकड्यांनी पाहिली आहेत, रुग्णांच्या कागदांना जोडून येतात. ते मला बघूनच कळलं. त्यांनी चिमट्याने तुकडा काढला आणि मग फारच गोड बोलायला लागल्या. तुकड्याचा अहवाल यायचाय, तोवर काही म्हणता येत नाही, असं म्हणाल्या. मीही म्हणते, काही म्हणता येत नाही. पण मला माहीत आहे. तू विचारलंस तर खोटं सांगणार नाही. कर्करोगच आहे. आकाराने फार मोठा नाही, एवढंही मी बघितलं. कापून काढता येईल असं वाटतं. बाकी कुठे गेलाय का, ते कळायचंय.

मला भीती वाटते. लिहून ठेवते, कारण तोंडाने कोणाला म्हणाले नाही. भांडी घासते, मध्येच पाणी चालू ठेवून खिडकीशी जाते, परत येते. काम करते तेव्हा बरी असते. मिनेगिशीला सगळं सांगितलं, कुप्यांचंसुद्धा. त्याने आपल्या बोटावरच्या व्रणाकडे बघितलं. मग म्हणाला, "पंप तसाही साफ करायला झालाच होता." नंतर मला म्हणाला, "आता एकट्या माणसावर भार टाकायचा नाही. वीस जणांची पूड एकत्र करून नवं वजन करू." गेल्या तीन दिवसांत एकही जण नमुना द्यायला तयार झालेला नाही. सगळे एकमेकांना पुढे ढकलतायत. बिचारा सकाळी दारात उभा राहून लोकांना मोसंबी वाटतो.

आता दोन कामं सांगते. नाही म्हणू नकोस.

एक, तू तपासणी करून घे. पाकीट-बिकीट नाही, थेट दुर्बिणीची. आईला होतं, आता मला. तुझ्या मुलीलाही चाळिशीची वाट बघायला सांगू नकोस. भावोजी काही म्हणाले तर मला फोन दे, मी बोलते त्यांच्याशी.

दुसरं. सत्तावीस तारखेला दुपारी कुजी बाई अहवाल समजावून सांगणार आहेत. त्यांनी विचारलं, "घरचं कोणी बरोबर येईल का?" आमच्याकडे अजून ही पद्धत आहेच, एकट्या माणसाला असं काही सांगायला ते कचरतात. मी लगेच म्हटलं, "मी एकटीच असते." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी बाहेरच्या बाकावर येऊन बसले, मग उठून परत आत गेले, पुढचा रुग्ण कपडे बदलत होता तरी, आणि म्हटलं, "माझी थोरली बहीण येईल." तुला न विचारताच सांगितलं.

गाडीने येतेस की बसने, ते मला ठाऊक नाही. बर्फ असेल, वेळेच्या आधी निघ. काही आणू नकोस. आणलंसच तर मुळे आण, सर मागत होते.

आत गेल्यावर एवढंच कर. बाईंनी तुला बाहेर बोलावलं, "जरा एक मिनिट" म्हणून, तर जाऊ नकोस. माझ्याशेजारच्या खुर्चीतच बस. त्या जे सांगतील ते दोघींना एकदमच सांगू देत. माझ्या तोंडावर काय दिसायचं ते दिसू दे.

माझी परीक्षा कधीच होऊन गेली, ताई. मी पास झाले होते. त्या संध्याकाळी त्या आनंदात तू सणाचा लाल भात रांधलास आणि मी तो न खाताच उठून गेले.

वाट बघते आहे, खरंच बघते आहे.

तुझी धाकटी,
कानाए